दुसरी हाक

१

माझं काम काय आहे, हे आईला समजावून सांगता सांगता मी थकले होते. समोरच्या शुभांगी वहिनींनी विचारलं की ती सांगायची, "आमची हर्षाली मेलेल्या वेबसाइटींचं श्राद्ध घालती." आणि स्वतःच हसायची.

तसं फार चूक नव्हतं ते. पुण्यातल्या एका संस्थेचा प्रकल्प आहे. इंटरनेट नवं होतं तेव्हा मराठी माणसांनी त्यावर काय काय उभं केलं, ते शोधायचं आणि नोंदवायचं. बंद पडलेल्या वेबसाइटी साठवून ठेवणारा एक मोठा संग्रह आहे. त्याचं यंत्र जगभर फिरतं, दिसेल त्या पानाची प्रत काढतं आणि पुढं जातं. काही महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा येतं, पुन्हा प्रत काढतं. वेबसाइट बंद झाली तरी प्रती राहतात. मी एकाच वेबसाइटीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या प्रती शेजारी शेजारी उघडून बसते. काय बदललं, कुणी बदललं, कशासाठी, याचा अंदाज बांधते. निवृत्त मुख्याध्यापकांच्या कविता, मंगल कार्यालयांचे फोटो, लुकलुकणारी समई, 'आपले सहर्ष स्वागत' अशी सरकत जाणारी पाटी. अक्षरं जुन्या फॉन्टातली, त्यामुळं आधी नुसता कचरा दिसतो. ते फॉन्ट मी जमवून ठेवलेत. लावले की कचऱ्याची मराठी होते. तो क्षण मला अजून आवडतो, खोटं कशाला बोलू.

हे सगळं मी धाराशिवात, घरातच बसून करते. तिसरा मजला, दुपारी कूलरची घरघर, स्वयंपाकघरात आईचा रेडिओ. भुताखेतांवर माझा कधी विश्वास बसला नाही. यंत्र आहे तशी प्रत काढतं, पदरचं काही घालत नाही, यावर तर माझं पोट चालतं.

मार्चमध्ये मला आमच्याच गावाची वेबसाइट सापडली.

२

गाव लोहारा तालुक्यातलं, सास्तूरच्या जवळ. नाव सांगत नाही. भूकंपात आमच्या घरातले बाबा आणि आजी गेले. मी काही महिन्यांची होते आणि आईबरोबर तिच्या माहेरी ईटला होते, म्हणून आम्ही दोघी उरलो. पुढं सरकारनं नवं गाव वसवलं, सरळ रस्ते, सारखी घरं. आई तिथं एक दिवसही राहिली नाही. धाराशिवला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली आणि तिनं मला वाढवलं. गावाचा विषय निघाला की ती उठून काहीतरी धुवायला घ्यायची.

वेबसाइट बनवली होती आमच्याच गल्लीतल्या कृष्णराजनं. तो तेव्हा पुण्यात नवा नवा इंजिनियर झाला होता. पहिल्याच पानावर जुन्या गावातल्या आमच्या गल्लीचं हातानं काढलेलं चित्र होतं. लिंबाचा पार, मारुती, दोन्ही बाजूंना घरं. प्रत्येक घरावर त्या घरातल्या बाईचं नाव, पुरुषाचं एकही नाही. दगडाबाई, सारजाबाई, आणि वळणावर शेवटचं घर, तारामती. म्हणजे माझी आई.

मी दगडाबाईच्या घरावर टिचकी मारली. खरखर झाली, आणि एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला.

"दगडाबाईऽऽ, सोड गं!"

मग शांतता. वारा. मग तीच हाक पुन्हा, तशीच.

मला लगेच कळलं. गावाबद्दल आईनं आपणहून सांगितलेली एवढी एकच गोष्ट होती. धोंडीबा आप्पा गावाचा गुराखी. सकाळी गल्लीतून जाताना दारादारात उभा राहून घरच्या बाईला हाक मारायचा, की गुरं सोड. पहिल्या हाकेला कुणी ओ द्यायची नाही. पहिली हाक कुणाचीही असू शकते, कसलीही. माणूस असेल तो दुसऱ्यांदा मारील. म्हणून आप्पा थांबायचा आणि दुसरी हाक मारायचा, मग घरातून "ओ" यायची. ओ कुणीही दिलेली चालायची, सुनेनं, लेकीनं. पण एकदा ओ दिली की घरातलं कुणीतरी कडी काढून बाहेर यायलाच पाहिजे. नाहीतर आप्पा तिथंच उभा. रागवायचा नाही, ओरडायचा नाही. नुसता उभा राहायचा.

मला ते फार गोड वाटलं. नोंदीत मी लिहिलं, 'अत्यंत मोलाचं.'

३

दुसऱ्या दिवशी मी त्याच वेबसाइटीची पुढची प्रत उघडली. चित्र तेच, नावं तीच. पण दगडाबाईच्या घराची फाइल आधीपेक्षा मोठी होती. असं होतं कधी कधी. माणसं फाइल बदलतात. मी हेडफोन लावले.

हाक आली. शांतता. वारा.

आणि मग "ओ".

लांबून, घराच्या आतून आल्यासारखी, बाईच्या आवाजात. पाठोपाठ कडी काढल्याचा आवाज, गुरांच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्या घंटा दूर दूर जात संपल्या. हाक एकच होती. जिला ओ मिळाली ती दुसरी तेवढी ठेवून पहिली कुणीतरी कापली असावी.

मी हेडफोन काढून ठेवले आणि पाणी प्यायले. कृष्णराजनं नंतर हौसेनं नवीन ध्वनिमुद्रण केलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. चांगली कल्पना आहे, म्हटलं, बायकांकडून ओ घ्यायची. त्याच्या पुढच्या प्रतीत आणखी एका घरात ओ होती. त्याच्या पुढच्या प्रतीत आणखी घरांत. शेवटच्या प्रतीत सारजाबाईच्या घरातही ओ आली. सगळी गल्ली ओ देत होती, आणि दोन हाका फक्त एकाच घरावर उरल्या होत्या. वळणावरच्या.

स्वतःला कितीही समजावलं तरी एक गोष्ट मला सोडवता येईना. गल्लीत इतक्या घरांतून निघालेल्या घंटा ऐकून वाटायचं की गुरं बरीच आहेत. त्या फाइली नव्या गावात केल्या असत्या तर रस्त्यावरची एखादी मोटारसायकल, एखादं पोर, काहीतरी ऐकू आलं असतं, आणि जुन्या गावात तर एक घर उरलं नव्हतं.

४

आई ज्वारी निवडत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, दगडाबाई कधी गेली गं? तिनं मान वर केली नाही. म्हणाली, भूकंपातनं वाचली आन चांगली धडधाकट व्हती, मग एका दिवाळीच्या आधी एकाएकी गेली. सारजाबाई? ती सगळ्यांच्या मागनं, होळीच्या सुमाराला. मी एकेक नाव घेत गेले, आई सांगत गेली. क्रम तोच होता. वेबसाइटीवर ज्या क्रमानं ओ आली, त्याच क्रमानं त्या बायका गेल्या होत्या.

"तुला कशापायी पायजेत मेलेल्यांची नावं?" तिनं विचारलं.

ऑफिसचं काम, म्हटलं. मग सूप बाजूला ठेवून तिनं मला एक गोष्ट सांगितली. कृष्णराजनं आप्पाची हाक कॉम्प्युटरात घातली होती म्हणे. सास्तूरच्या बाजाराला बायका गेल्या की इंटरनेटच्या दुकानात जाऊन ऐकायच्या, हसायच्या, रडायच्या. तिलाही निरोप आला होता.

"म्या न्हाय गेले."

का, म्हणून विचारलं. ती सूप पुन्हा मांडीवर घेऊन बराच वेळ निवडत राहिली.

"गेले असते तर ओ दिली असती मी," ती म्हणाली.

५

कृष्णराजचा नंबर मिळवायला वेळ लागला नाही. तो आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. मी ओळख सांगितली, तारामतीची मुलगी म्हटल्यावर तो खूप खूश झाला. वेबसाइटीचं नाव काढलं आणि त्याचा आवाज बदलला. ती मी बंद केली होती, म्हणाला. मी सांगितलं, बंदच आहे दादा, पण प्रती राहिल्यात. संग्रहात.

तो उठून दार लावून आल्याचं मला फोनमधून ऐकू आलं.

मग त्यानं जे सांगितलं ते असं. त्यानं आवाज एकदाच भरला होता. धोंडीबा आप्पाला घेऊन तो सकाळी जुन्या गावठाणात गेला होता. तिथं बाभळी आणि जोती, दुसरं काही नाही. पण आप्पाला दारं बरोबर ठाऊक होती. दारादारात उभा राहिला, हाक मारली, थांबला, दुसरी मारली. त्या दोघांशिवाय तिथं चिटपाखरू नव्हतं. त्याच वर्षी थंडीत आप्पा गेला. कृष्णराजनं फाइली चढवल्या आणि नंतर त्यांना हात लावला नाही. पुढं बाजारच्या दिवशी बायका दुकानात जमायला लागल्या. पहिल्या हाकेला कुणी बोलायची नाही, सगळ्या नियमानं गप्प. दुसरी आली की जिचं घर तिनं तोंडाला पदर लावून ओ द्यायची आणि बाकीच्यांनी हसायचं.

"माझ्या आईनं पण दिली," तो म्हणाला. त्याची आई म्हणजे सारजाबाई. "पुढचा बाजार तिनं बघितला नाही, हर्षाली. तुमच्या घराखेरीज ती गल्लीतली शेवटची होती. तिचे दिवस उरकून पुण्याला आल्यावर मी तिची फाइल ऐकली. तिचा आवाज होता तीत. मी त्याच दिवशी साइट बंद केली. बंद केली म्हणजे गेली, असं मला वाटलं."

त्यानं विचारलं, तुमच्या घरावर काय ऐकू येतं. दोन हाका, मी म्हटलं.

"काकूंना ऐकवू नकोस," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "मी इंजिनियर माणूस आहे. मला हे बोलायची लाज वाटते. पण ऐकवू नकोस."

६

मी ऐकवणार नव्हतेच. मी ठरवलं, उतरवून घेतलेलं सगळं पुसून टाकायचं, नोंदीत दोन ओळी लिहायच्या आणि विषय संपवायचा. फक्त त्याआधी एकदा, शेवटचं, आमच्या घरावर अजून दोन हाका आहेत ना, एवढं बघायचं होतं. मला ती खोड आहे. गॅस बंद केला तरी मी पुन्हा जाऊन बघते.

दुपारची वेळ. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, रेडिओवर बाजारभाव चालले होते. मी हेडफोन कानांवर घट्ट बसवले, पिन नीट लागलीय ना ते दोनदा तपासलं आणि वळणावरच्या घरावर टिचकी मारली.

"तारामतीऽऽ, सोड गं!"

मग शांतता आली. आठवत होती त्यापेक्षा लांब. मी वाट बघत होते.

स्वयंपाकघरातला रेडिओ बंद झाला. मी एक कान मोकळा केला.

"हर्षाली," आई आतून म्हणाली, "खाली कोण हाक मारतंय गं?"

पिन जागेवर होती. मी हात लावून बघितलं. मी लॅपटॉप फाडकन मिटला, हेडफोन गळ्यात ओढले आणि म्हटलं, कुणी नाही, भंगारवाला असेल. आई दारात येऊन उभी राहिली. हात पिठानं भरलेले. तिच्या तोंडावर असं काही होतं की मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. माझ्याहून लहान वाटत होती ती.

"आप्पा हाय," ती हळूच म्हणाली. "म्या ओ न्हाय दिली. पहिली व्हती."

शाबासकी मिळावी म्हणून सांगितल्यासारखं सांगितलं तिनं. मी हसायचा प्रयत्न केला. लॅपटॉप मिटलेला आहे, मी मनाशी म्हटलं, फाइल थांबली, आता दुसरी येणार नाही.

दुसरी आली. लॅपटॉपमधून नाही. खालून, आमच्या गॅलरीच्या बरोबर खालून, उन्हातून, जिवंत माणसाच्या गळ्यातून.

"तारामतीऽऽ, सोड गं!"

आईनं श्वास घेतला. तिचे ओठ उघडलेले मी बघितले. त्या क्षणी मला कसलाही विचार सुचला नाही, तर्क नाही, यंत्र नाही, काही नाही. एवढंच कळलं की ती आता बोलणार.

"ओ!" मी ओरडले. शाळेत हजेरीला द्यावी तशी.

७

गॅलरीतून वाकून बघितलं. खाली दोन स्कूटर, शुभांगी वहिनींनी वाळत घातलेल्या कुरडया, कडक ऊन. दुसरं काही नाही.

वळले तर आई रडत होती. घाबरून नव्हे, रागानं.

"माझी हाक व्हती ती," ती म्हणाली. "तू का दिलीस?"

मग मला सगळं सांगावं लागलं. कृष्णराजचं, सारजाबाईचं, सगळं. ती खाली बसून ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, कुणी उठलं नाही. माझं सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं. ओ दिली, मग भाईर कोण गेलं?

कुणीच नाही, मी म्हटलं.

"मग तो उभा असंल," आई म्हणाली आणि करपलेली भाकरी काढायला उठली.

त्या रात्रीपासून तिनं आपलं अंथरूण दारापाशी घातलं. मी भांडले, समजावलं, चिडले. ऐकलं नाही. आई हट्टाला पेटली की काय बोलणार.

मी काहीच पुसलं नव्हतं. पुसवेना. रोज सकाळी ती फाइल ऐकायचे. आता तीत आप्पाची हाक होती, माझी ओ होती आणि पुढं शांतता. ती शांतता रोज वाढत होती. आवाज पूर्ण मोठा केला की तीत कुणीतरी म्हातारं माणूस श्वास घेत असल्याचं ऐकू यायचं, आणि एखादं जनावर खुरानं जमीन उकरायचं. घाई कुणालाच नव्हती. मला भीती वाटत होती, इतकी की जिना उतरायलाही मी आईचा हात धरायचे.

"वाजली का कडी?" आई चहा गाळता गाळता विचारायची.

नाही, म्हटलं की "बरं" म्हणायची.

आणि त्या दिवसांत ती गावाबद्दल बोलायला लागली. जन्मात बोलली नव्हती एवढी. बाबा कसे घोरायचे, पारावर कोण बसायचं, आणि कपिली. कपिली आमची गाय. माहेरी जाताना आईनं तिला स्वतःच्या हातानं गोठ्यात बांधलं होतं. माणसांना पळायला निदान पाय होते, ती म्हणाली, कपिलीच्या तर गळ्यात दावं होतं. "म्या असते तर सोडली असती. एवढंच मनात ऱ्हायलंय बघ माझ्या." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वेडी आहेस, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी?

८

एका सकाळी जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि घरात चहाचा वास नव्हता.

दारापाशी आईचं अंथरूण नीट घडी करून ठेवलेलं होतं. मी दार ओढलं. उघडेना. बाहेरून कडी लावलेली होती.

मी दार बडवलं, ओरडले. शुभांगी वहिनी धावत आल्या आणि त्यांनी कडी काढली. कुणी लावली विचारत होत्या, मी त्यांना ओलांडून जिना उतरले.

आई खाली फाटकाजवळच्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर पदर घेतलेला. झोपल्यासारखी. मी हाक मारली. एकदा, आणि नियम आठवून पुन्हा एकदा.

डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, असं होतं कधी कधी. उजवी मूठ घट्ट मिटलेली होती, ती वहिनींनी हळूहळू उघडली. तळहातावर आडवा, ताजा, लाल वळ होता. जोरात ओढ घेणारं दावं हातातून सुटावं तसा. वहिनींनी माझ्याकडं बघितलं आणि मूठ पुन्हा मिटवून ठेवली.

९

तेराव्यानंतर मी कामाला बसले. नोंद पूर्ण केली. वेबसाइटीचा प्रकार, गाव. कुणासाठी, गाव सोडलेल्यांसाठी. स्थिती, बंद. कृष्णराजला कळवलं, तो फोनवर नुसता रडला.

फाइल मी ठेवलीय. ती आता वाढत नाही. सुरुवातीला आप्पाची हाक आहे, मग माझी ओ. पुढं शांतता, पण आता थोडीच. मग कडी निघते आणि आईचा आवाज येतो, हळू, कुणाची झोप मोडू नये म्हणून बोलावं तसा.

"पोर झोपलीया, आप्पा. चला, म्या सोडते."

त्यानंतर दार ओढून घेतल्याचं ऐकू येतं, आणि बाहेरून कडी लागते.